व्हय म्हाराजा

तो जुना सीडी रेकॉर्डर घेतला ना मी, त्याने पार रडवलं होतं. तात्यांनी, म्हणजे माझ्या काकांनी, शिमग्यात देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याची कॅसेट मी त्यावर सीडीत उतरवली. रेकॉर्डरवर सीडी झकास वाजायची, पण तात्यांच्या प्लेयरमध्ये घातली की 'नो डिस्क'!

बायको म्हणाली, "भंगारात घाला ते धूड."

तात्या म्हणाले, "अरे, नुसतं गाऱ्हाणं घालून काय होतंय? शेवटी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय देवाला तरी पोचतं काय?"

माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या प्लेयरला कळायला रेकॉर्डिंगनंतर 'आता पूर्ण झालं' असा शेवटचा शिक्का मारून सीडी बंद करावी लागते, तेच राहिलं होतं! सीडी रेकॉर्डरमध्ये घालून 'फायनलाइज'चं बटण दाबलं आणि परत तात्यांच्या प्लेयरमध्ये घातली.

घरभर आवाज घुमला, "बा देवा म्हाराजा..."

आणि स्वयंपाकघरातून पहिली आरोळी बायकोचीच, "व्हय म्हाराजा!"