काकूच्या ओटीचा नारळ

च्या गार व्हायच्या आत एक सांगतो, ऐका. आमच्या गावाच्या नळाला नदीच्या बंधाऱ्यातलं पाणी येतं. त्यामुळं आमचे चुलते तात्या, म्हंजी गावचे सरपंच, उन्हाळा लागला की बंधाऱ्याच्या दारात सगळे बरगे, म्हंजी पाणी अडवायच्या फळ्या, घालून नदी पार कोंडून टाकायचे. खालच्या गावाच्या घागरी कोरड्या. शेवटी त्या गावानं कोर्टातनं हुकूम आणला, नदी वाहती ठेवा म्हणून. तात्या काय ऐकतात व्हय! म्हणाले, "कायदा तिकडं शहरात बसतो रं, तहान हितं लागती."

पुढं चैत्रात आमची काकू नदीची ओटी भरायला गेली. हळदकुंकू वाहिलं, नारळ पाण्यात सोडला. नारळ आपला बंधाऱ्याला टेकून जाग्यावर डुलतोय. दुसऱ्या दिवशी बघितलं तरी तिथंच!

काकू घरी येऊन तात्यांवर कडाडली, "आवं, नदीनं माजी ओटी घेतली न्हाई! आदी ते बरगे काढा, मगच जेवायला बसा."

"आगं, पाणी जाईल की!"

"जाऊ द्या. आदी माजा नारळ जाऊ द्या."

कोर्टाला न भ्यालेल्या तात्यांनी गपगुमान वरचे दोन बरगे काढले. नारळ उड्या मारत गेला. आमचा नळ काय बंद पडला न्हाई.

सांच्याला खालच्या गावच्या सरपंचांचा फोन आला, "तात्या, नारळ पोचला, पाणीबी पोचलं. वहिनींना म्हणावं, दर मंगळवारी ओटी भरा. नारळ आमच्याकडनं!"