मावशीच्या फाईलला हात लावायचा का

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ठकू, मोठ्याने बोल, मागे केवढा आवाज आहे… पंखे? मशीनजवळच उभी आहेस का?… बाहेर ये जरा.

हां, आता येतंय ऐकू… जेवलो, जेवलो… ब्रेड. आणि कालची भाजी… अगं काय फरक पडतो, पोटात गेलं ना! ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. भरदुपारी ऑफिसातून काकाचं जेवण विचारायला फोन केला नाहीस तू.

…कुठलं मशीन?… अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमचं? ते तर आज बदलायचंय ना?… संध्याकाळी. मग?

नवं चालू होत नाही म्हणजे? अजिबात?… कधी होतं, कधी नाही. हं… पहिला प्रोसेसर उठतो, दुसरा उठतो, तिसऱ्याला हाक मारली की गप्प. आणि पहिला त्याची वाट बघत बसतो, कायमचा… म्हणजे लोक जिवाच्या आकांताने फोन करणार आणि इकडे काळी स्क्रीन. हो, हो… कळलं गं. आधी श्वास घे.

साहेब काय म्हणतात?… वाट बघायचीच नाही? चौघांतल्या राहिलेल्या तिघांवर भागवायचं?… नाही. ऐक ना… अगं ऐक तर! तो मेलाय हे कुणी सांगितलं त्यांना? त्याचं उत्तर आलं नाही, एवढंच आपल्याला माहीत. तो भलतीकडे भटकत असेल. तुम्ही त्याची मेमरी रिकामी समजून दुसऱ्या कामाला दिलीत आणि हा मागाहून उगवला, तर तिथे काहीबाही लिहून ठेवील. मशीन चालू दिसेल आणि गाडी जाईल चुकीच्या पत्त्यावर. त्यापेक्षा बंद मशीन परवडलं… हो, थोडं थांबून मशीनला पुढे जाऊ दे. पण त्याची जागा कुणाला द्यायची नाही, आणि स्क्रीनवर ठळक सांगायचं, तिसरा आला नाही. एवढं करच. पण ते वरवरचं मलम झालं. तो उठत का नाही ते बघितलंस?

…नाही बघितलं? ठकू, तू? न बघता फोन?

कुणाच्या फाईलला हात लावायचा नाही?

…

मावशीच्या. बोल.

…ती गेल्यापासून कुणीच उघडली नाही?… सगळ्यांनी ठरवलं. खुर्चीवरही बसत नाही कुणी?… अरे देवा. तुझ्या मावशीला कळलं असतं तर एकेकाचा कान धरला असता तिने. सगळं ऑफिस तिला मावशी म्हणायचं ते तुझं ऐकून, पण खरी भाची तू एकटी. तूसुद्धा?… बरं, बरं. ओरडत नाही. मी सांगतो म्हणून उघड.

पण एक सांगून ठेवतो, चूक तिची नसणार. प्रोसेसर उठवायचे प्रोग्रॅम तिने आयुष्यभर लिहिले. नव्या मशीनच्या बोर्डातच काहीतरी असेल… नसेल कशावरून?

‘इथवर आलो’ असं स्क्रीनवर छापणारी प्रिंट टाकून बघितलीस?… प्रिंट टाकली की चालू होतं? आणि काढली की परत तेच?… हसू नको तर काय करू! आपल्या धंद्यातला रोगी डॉक्टरला बघूनच बरा होतो. वर लोक ती प्रिंट तशीच ठेवून माल पाठवतात… तू ठेवणार होतीस? ठकू!

कॅशेचा घोळ दिसतोय. हे बघ… तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पण बोलू दे, बोललं की मला सुचतं. पहिला तिसऱ्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. सुरुवात कुठून करायची, आणि त्याची स्वतःची मेमरी कुठे आहे. ते लिहिलेलं आधी पहिल्याच्याच कॅशेत, म्हणजे त्याच्या खिशातल्या वहीत पडतं. तिसऱ्याची कॅशे तेव्हा बंद असते, तो थेट मेमरीत बघतो. पहिल्याने आपलं लिहिणं खाली मेमरीत ढकललं नसेल, तर तिसऱ्याला जुनंच काहीतरी दिसणार. आणि प्रिंटच्या गडबडीत ते आपोआप खाली जात असणार. बरोबर?… मग ढकलायची ओळ वाच.

…पुन्हा वाच.

सुरुवातीचा पत्ता ढकललाय. आणि मेमरीचं ठिकाण?… नीट बघ… खालच्या ओळीत असेल… त्याच्या खाली?…

थांब जरा.

…काही नाही. बसलो.

ते ठिकाण तिने नंतर जोडलेलं. तारीख काय आहे?… हो. मग आजारपणात, घरूनच केलंय. खिडकीशी बसायची, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. मी म्हणायचो, राहू दे आता. म्हणायची, तुम्ही चहा टाका… जुन्या बोर्डांत कॅशे लहान, लिहिलेलं आपसूक खाली जायचं, म्हणून खपून गेलं. नव्यात मोठी आहे, कधी खाली जातं, कधी तिथेच पडून राहतं.

तिचीच चूक आहे ठकू.

…नाही, औषधांवर ढकलू नकोस… बोर्डावर तर नाहीच! दुरुस्तीखाली चूक कुणाची ते लिहायची पद्धत तुमच्याकडे कुणी पाडली? तिनेच ना? पहिलं नाव स्वतःचं घातलं होतं, आणि पेढा खाल्ल्यासारखी हसत घरी आली होती. मग? लिही, मावशीने दुसरी गोष्ट खाली ढकलली नाही. पुढे काही जोडू नकोस… नाही, ‘कैलासवासी’ पण नको. तिला फार मोठं करून ठेवलंत तुम्ही. मीसुद्धा.

टाक ती ओळ. प्रिंट काढ. पूर्ण बंद करून चालू कर. मी आहे फोनवर.

…

बोल ना गं!… तिसरा आला? आणि चौथा?… पुन्हा बंद कर. एकदा उठला म्हणजे शहाणा झाला असं नाही… हं… पुन्हा… हं. आला.

आता मुसमुसतेस काय, जा, साहेबांना सांग… काय?… अजूनही चुका असतील त्यात?

असतील की. शोधा. उघडा ती फाईल, खोडा, बदला… नाही गं, मला कशाला वाईट वाटेल…

वाटतंय. तरी उघडा.

आणि काही सापडलं की मला फोन कर… नाही, दुरुस्त करायला नको, ते तुम्ही करालच. नुसतं सांग, तिने काय केलं होतं ते… हो. तेवढंच तिच्याबद्दल काहीतरी नवीन कळेल.

ठेव आता. ठेव.