सात सुना बंद, एक चालू

नाही, पण मला सांगा, घरातली केबल बंद केल्यावर खर्च कमी व्हायला हवा की नको? व्हायला हवा ना? मग माझ्या घरात चहा पावडर दर आठवड्याला संपायला लागली ती कशी, ते विचारा मला... राहू दे, विचारू नका, मीच सांगते, नाहीतरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाहीये.

तर झालं असं की माझ्या नवऱ्याची, सुशांतची, नोकरी गेली. परळला एका छापखान्यात अकाउंट्स बघायचा, मालकानं एक दिवस सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि बारशाचं आमंत्रण द्यावं तसं हसत हसत सांगितलं की आपण बंद करतोय. आता माझी नोकरी आहे, म्हणजे अगदीच उपाशी मरत नव्हतो, पण लालबागच्या टॉवरमध्ये राहायचं म्हणजे... चाळ होती तेव्हा बरं होतं हो, चाळ पाडली, टॉवर झाला, घर फुकट मिळालं आणि मेंटेनन्स असा की वाटावं आपल्याच घरात भाड्यानं राहतोय. त्यात सुशांतनं मला बजावलं, 'आईला कळता कामा नये. आईला बीपी आहे.' म्हणून तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडायचा, एका लायब्ररीत बसून नोकरीचे अर्ज करायचा आणि संध्याकाळी दमल्यासारखा चेहरा करून घरी यायचा. आणि मी काय करायचं? मी बचत करायची.

कुठं करायची बचत? दूध बंद करता येत नाही, लाईट बंद करता येत नाही, नवरा तर आधीच बंद पडलेला... मग म्हटलं, केबल. म्हटलं, सगळं मोबाईलवर दिसतं हल्ली. सासूबाईंना घाबरत घाबरत म्हटलं, 'आई, तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं ना, काही दिवस टीव्ही बंद ठेवू या का?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'बंद कर गो. माका काय तेचा.' इतक्या सहज हो म्हणाल्या की मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. झाले का? नाही. बचत करायला निघाले होते ना मी.

सेट-टॉप बॉक्स न्यायला आमचा केबलवाला आला, लवू. दारातच उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'वहिनी, माझं काय, एक गिऱ्हाईक जाईल. पण घरात सासू आहे. न्यूज बंद करा, क्रिकेट बंद करा, सिरियल नका बंद करू.' मला वाटलं, धंद्याचं बोलतोय.

आता तुम्हाला आमच्या घरची संध्याकाळ सांगते. सासूबाई दिवेलागणीला टीव्हीसमोर बसायच्या त्या थेट झोपायला उठायच्या. तेवढ्या वेळात सात घरांतल्या सात सुनांवर त्यांचं लक्ष. एकीची स्मरणशक्ती गेलेली, एक खिरीत काहीतरी मिसळणारी, एक तर दर गुरुवारी जिन्यावरून पडायची. त्यांना रागवता रागवता बाई थकून जायच्या. मी ऑफिसातून यायचे तेव्हा मानसुद्धा वळवायच्या नाहीत, नुसता हात लांब करायच्या, मी त्या हातात चहाचा कप द्यायचे, झाला आमचा संवाद. मी मैत्रिणींना सांगायचे, माझ्या सासूबाई कशात म्हणजे कशात लक्ष घालत नाहीत. अहो, घालतील कधी? सात सुना होत्या. त्या सातही मी एका दिवसात बंद केल्या. उरलं कोण?

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर सोफा फिरवलेला. टीव्हीकडे पाठ, दाराकडे तोंड, आणि मधोमध सासूबाई.

'इतको उशीर कसो झालो?'

मी घड्याळ बघितलं. रोजचीच वेळ. म्हटलं, 'उशीर नाही हो आई, रोज याच वेळेला येते.'

'रोज?' म्हणाल्या. असा 'रोज' मी फक्त त्या खिरीवालीला विचारलेला ऐकला होता.

तिथून सुरू झालं. मी भाजी चिरताना सुस्कारा टाकला, त्यांनी नोंद घेतली. मी आणि सुशांत स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो, त्या पाणी प्यायला आल्या. त्या रात्री एवढं पाणी प्यायल्या की मला त्यांच्या किडनीची काळजी वाटली. आणि मग त्यांनी सुशांतचा शर्ट हुंगला. लायब्ररीत एसी आहे हो. म्हणाल्या, 'दिवसभर काम करून येणाऱ्याच्या शर्टाक घामाचो वास नाय? झील माझो खंयतरी थंडगार जाग्यार बसान येता.' बरोबर ओळखलं होतं. फक्त पुढचं सिरियलच्या हिशेबानं लावलं.

इथपर्यंतही मी सहन केलं असतं, पण एक दिवस शेजारच्या दळवीकाकू कढीपत्ता मागायला आल्या आणि बसल्या. दुसऱ्या दिवशी परबवहिनींना घेऊन आल्या. चाळीत असताना ह्या बायका रोज भेटायच्या, टॉवरमध्ये आल्यावर जिच्या तिच्या घराला सेफ्टी डोअर, कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही. आता सगळ्या आपापले चालू टीव्ही सोडून माझ्या घरात. का? तर सासूबाई सांगतात छान. काल सूनबाई काय म्हणाली, झील काय म्हणाला, आणि ऐन मोक्याला थांबून, 'जरा गॅस बारीक करून येतंय,' म्हणून आत जातात. ब्रेक. ब्रेकमध्ये चहा. चहा कोण करणार? जिची गोष्ट चालली आहे ती. बचत करायला निघाले होते मी.

लिफ्टमध्ये दळवीकाकू मला विचारतात, 'अपेक्षा, काल तू सांडशी आपटलीस ती मुद्दाम की हातातून सुटली? आमच्यात दोन मतं आहेत गं.' काय सांगू? म्हटलं, सुटली. तर त्यांचा चेहरा उतरला. त्या मुद्दामवाल्यांत होत्या.

आणि मग तो दिवस आला. मी आणि सुशांत नेमके खालीच भेटलो, एकत्र वर आलो, दार उघडलं तर सोफ्यावर जागा नाही. सासूबाई उठल्या, मधोमध उभ्या राहिल्या.

'सुशांत, ती कोण?'

त्यानं मागं वळून बघितलं. मागं मीच होते. 'कोण कोण, आई?'

'जिच्याकडे दिवसभर थंडगार बसतस ती.'

आता ह्या बायकांनी त्याला लहानपणी चड्डीत बघितलेलं, त्यांच्यासमोर त्याला खोटं बोलता येतं होय? डब्याची पिशवी छातीशी धरून तो म्हणाला, 'आई, माझी नोकरी गेली. मी लायब्ररीत जाऊन बसतो.'

मग दळवीकाकू हळूच म्हणाल्या, 'अगं बाई, नोकरीच होय...' इतक्या निराश झाल्या बिचाऱ्या.

सासूबाई खाली बसल्या. मी बीपीची गोळी आणायला धावले, तर त्यांनी माझा हात धरला आणि बोलल्या मात्र त्याच्याशी. 'माका सांगूक काय झालेला? गिरण बंद पडली तेव्हा तुझो बापूस पण असोच डबो घेवन भायर पडायचो. बागेत बसायचो. माका सगळा म्हायत होता. पण तेका वाईट वाटात म्हणान मी गप ऱ्हवलंय.' सुशांत रडायला लागला, मलाही भरून आलं. आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं, सासऱ्यांच्या वेळेला बाई गप्प राहिल्या आणि नवऱ्याची अब्रू राखली. मुलाला मात्र भर बैठकीत उभं केलं. तेव्हा सिरियल नव्हत्या ना.

पण बाईंचं खरं कौतुक पुढे. डोळे पुसले आणि बैठकीकडे वळल्या, 'आता बघतास काय? कोणाच्या वळखीत नोकरी आसा तर सांगा.' परबवहिनींच्या भावाचं माझगावला गोडाऊन आहे, त्याला हिशेब बघायला माणूस हवाच होता. सुशांत जाऊन भेटला आणि लागला कामाला. पगार जरा कमी आहे, पण माणूस खरंखुरं दमून घरी येतो.

मी त्याच दिवशी लवूला फोन केला. म्हटलं, बॉक्स घेऊन ये, सगळे चॅनल चालू कर, आहेत तेवढ्या सुना घेऊन ये. त्यानं 'मी म्हटलं नव्हतं का?' असंसुद्धा म्हटलं नाही, सज्जन माणूस.

संध्याकाळी दार उघडलं. टीव्ही चालू होता, पण आवाज बंद. आणि सोफा? तस्साच. दाराकडे तोंड करून पाच जणी. सासूबाई म्हणाल्या, 'तेच्यात काय नाय गो आता. ती अजून जिन्यावरसून पडताच आसा.' आणि हात पुढे केला. त्यांच्या मागोमाग आणखी चार हात.

म्हणजे आता केबलचे पैसेही देते आणि पाच कप चहाही करते. भांडून बघितलं, पण भांडले की दुसऱ्या दिवशी दोघी जास्त येतात. मग सोडून दिलं. आमच्या लिफ्टला मोठा आरसा आहे. हल्ली वर जाताना केस नीट करते, जराशी लिपस्टिक लावते... एवढी माणसं रोज वाट बघत बसतात म्हटल्यावर गबाळ्यासारखं कसं जायचं?