जळालेला सूर्य

जबाब देणार: वय ७१ वर्षे, व्यवसाय निवृत्त ग्रंथपाल, राहणार गिरणीमागील गल्ली, तिसरा मजला. मयताशी नाते: पती. दिनांक १५.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्याही दडपणाविना सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहत होतो. सूर्यास्ताच्या वेळी गच्चीवर प्रार्थना करण्याचा माझा एकेचाळीस वर्षांचा नियम आहे. माझ्या गेल्या वाढदिवशी पत्नीने मला डिजिटल कॅमेरा दिला. "रोज एकटेच बघता त्याला, आम्हालाही दाखवा कधी," असे ती म्हणाली.

समोरचा स्टुडिओवाला मला कॅमेरा शिकवीत असे. माझे पहिले चाळीस फोटो पाहून तो म्हणाला, "काका, हा सूर्य आहे की ट्यूबलाइट?" त्याने समजावले की, उजेड आकाशावर मोजावा, मग गल्ली काळी पडते आणि सूर्य उमटतो. गल्लीवर मोजल्यास गल्ली स्वच्छ दिसते, सूर्य मात्र जळून पांढरा होतो. सूर्य बुडाल्यावर लगेच कॅमेरा आवरू नये, खरा रंग त्यानंतर येतो, हेही त्यानेच शिकवले.

दिनांक ३ रोजी सायंकाळी पत्नी हिरवी शाल पांघरून गच्चीच्या कठड्याशी उभी होती. तिचा खांदा चौकटीत येत असल्याने मी तिला बाजूला होण्यास सांगितले. ती म्हणाली, "अहो, सूर्याला जागा हवी म्हणून मलाच हाकलताय? बरं, मी दूध घेऊन येते." सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी मी बटण दाबले. त्याच वेळी खालून आवाज आला. मी मान वळवली नाही. उजेड चुकून गल्लीवर मोजला गेल्याचे पडद्यावर दिसले, म्हणून माप बदलून आणखी चार छायाचित्रे काढली. ती चारही चांगली आली आहेत.

दिनांक ७ रोजी स्टुडिओवाला भेटावयास आला. काकू किती चांगल्या होत्या हे सांगत त्याने कॅमेरा मागून घेतला, त्या सायंकाळचे फोटो पाहिले आणि पहिला फोटो, "जळालाय काका, उगाच कार्ड भरतं," म्हणून स्वतःच पुसून टाकला. त्याहून वाईट फोटो कार्डात चाळीस होते. त्यांना त्याने हात लावला नाही.

नक्कल केल्याविना मूळ पोथी कोणाच्या हाती देऊ नये, ही माझी ग्रंथालयातील शिस्त. सर्व छायाचित्रे संगणकावर होती. पुसलेल्या छायाचित्रात रस्त्यावर हिरवी शाल आणि पुढे निघालेली पांढरी गाडी आहे. शास्त्रांत सूर्याला कर्मसाक्षी म्हटले आहे. या छायाचित्रात सूर्य दिसत नाही. गल्ली दिसते.

गाडीचा नंबर पुसट होता. दिनांक ८ रोजी मी जीर्ण पोथीच्या पानाचा फोटो घेऊन स्टुडिओत गेलो व पुसट अक्षरे कशी वाचावीत, असे विचारले. त्याने तासभर मन लावून शिकवले. "आता तुमच्यापासून काही लपायचं नाही, काका," असे हसून म्हणाला. घरी येऊन मी नंबर वाचला. तो त्याच्या गाडीचा आहे. त्या गाडीची किल्ली तो दुसऱ्या कोणाला देत नाही.

नंबर वाचला त्याच दिवशी का आला नाहीत, असे साहेबांनी विचारले. त्या दिवशी आलो असतो तर तो "घाबरलो, चूक झाली" म्हणत रडला असता आणि ऐकणाऱ्याला दया आली असती. दिनांक १३ रोजी त्याने येथे लेखी दिले की, गाडी २ तारखेपासून परगावी होती. हे त्याने मला घरी येऊन सांगितले. मी त्याला चहा दिला आणि सही केली ना, हेही विचारून घेतले. लगेच आवरू नये, हे मी त्याच्याकडूनच शिकलो होतो.

क्षमेविषयी ग्रंथांत जे आहे ते मला पाठ आहे. ते येथे लिहू नये.

स्टुडिओवाला रोज सूर्यास्ताला दुकानापुढे उभा असतो. त्याला त्याच वेळी न्यावे, अशी माझी विनंती आहे. मी गच्चीवर असेन. उजेड गल्लीवर मोजीन.

हवालदारांनी हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी 'अपघात' असा शब्द होता, तो मी खोडावयास लावला. चार छायाचित्रे काढल्याचे वाक्य गाळू का, असे त्यांनी विचारले. ते राहू द्यावे, असे मी सांगितले. बाकी सर्व मी बोललो तसेच आहे, म्हणून ही सही.