बाबांना चालू मालिका पाहिजे

...आणि वर मलाच विचारतात, "चालू आहे ना पण?" अहो बाबा, चालू होती म्हणून तर सुचवली! मी विकत घेतली तेव्हा चालू होती, पिशवीत घालून घरी आणली तेव्हा चालू होती, तुम्ही चष्मा शोधत होतात तेव्हासुद्धा चालूच होती... आता तुम्ही तिसरा अंक वाचून संपवलात आणि तिकडे त्या चित्रकाराचं मनगट धरलं, यात माझा काय दोष? मी जाऊन पिरगाळलं का त्याचं मनगट? पण नाही! जगात कुठेही कॉमिक्सची मालिका बंद पडू दे, आमच्या घरात गुन्हेगार एकच.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई आल्या आल्या मनगटाचं काय घेऊन बसली.

मी कॉमिक्स वाचते. हसू नका! चाळिशी उलटली, दिवसभर दाताच्या दवाखान्यात टेबलामागे बसून सुजलेल्या गालांना "बसा हं, बोलावतील" म्हणते, आणि खणात कॉमिक्स ठेवते. लहानपणापासूनची सवय. आणि ही सवय मोडायचा विडा कोणी उचलला होता? बाबांनीच! बाबा लिफ्टवाले. लिफ्टा बसवायच्या, दुरुस्त करायच्या, अख्खं आयुष्य लोकांना वर-खाली करण्यात गेलं. संध्याकाळी ग्रीस लागलेल्या हातांनी घरी यायचे, माझ्या हातात कॉमिक दिसलं की सुरू, "चित्रं बघून कोणी शहाणं झालंय का गं?" मग आतून आई, "वाचू द्या हो तिला, तुम्ही कोणते मोठे ग्रंथ वाचता?" की खटला निकालात!

तर ती आई गेली. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत. झोपेतच गेली. सकाळी बाबा चहा घेऊन उठवायला गेले तर... असो. त्या दिवशी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. रडले नाहीत हो! टिपूस नाही. लोक आले, लोक गेले, जाताना दारात चपला घालत म्हणाले, "धीराचे आहेत हो फार." डोंबलाचे धीराचे! मी बघत होते ना. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसा माणूस अडकला होता, आणि बाहेरचे लोक म्हणत होते, बघा किती शांत उभा आहे.

मग दादाचा फोन. आमचा दादा दुसऱ्या शहरात, आणि फोनवर एकदम कर्तबगार. "हे बघ, त्यांना कशात तरी गुंतवलं पाहिजे. तुझी ती कॉमिक्स आहेत ना? दे की एखादं." दे की! उंटावरून शेळ्या हाकायला याला काय जातंय? ज्यांनी जन्मभर माझी कॉमिक्स माळ्यावर फेकली त्यांना मी कॉमिक देऊ? पण दिलं. काय करणार? माणूस जेवणाच्या ताटाकडे बघत नव्हता, म्हटलं चित्रांकडे तरी बघेल. माझ्याकडची सगळ्यात सुंदर मालिका काढली, पूर्ण संच, पेटीत घातलेला, चित्रं अशी की डोळे निवावेत. बाबांनी पेटी हातात घेतली. उलटी केली. शेवटचा भाग काढला, त्याचं शेवटचं पान उघडलं.

"संपलेली आहे ही?"

"हो बाबा, पूर्ण आहे! कुठे काही अडत नाही!"

पेटी माझ्या हातात परत. "मला संपलेलं नको."

पेटी गेली परत कपाटात. मग म्हणतात कसे, "चालू असलेली सुचव. पुढच्या महिन्याला येईल अशी." आणि तेव्हा मला कळलं हो, की यांना गोष्ट नकोय, यांना पुढचा महिना पाहिजे. आई गेल्यापासून या माणसाच्या पुढ्यात पुढचा महिनाच नव्हता!

मग काय, लागले कामाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमचं एक कॉमिक्सचं दुकान आहे. चपलांच्या दुकानाखाली तळघरात. तिथली रीत अशी, की नेहमीच्या गिऱ्हाइकाची भिंतीवर एक कापडी पिशवी लटकते. तुमची मालिका ठरली की दर महिन्याचा नवा अंक तुमच्या पिशवीत पडतो, तुम्ही जाऊन काढून आणायचा. दुकानदाराला मी शोकसभा म्हणते. कारण हा माणूस नवाकोरा अंक असा हातात देतो की वाटावं, कोणी गेलंय. "चालू आहे ना ही?" विचारलं तर म्हणतो, "ताई, आज चालू आहे." आज! दूध विकतोय का हा?

पहिली सुचवली ती पाण्याखालच्या शहरातल्या पोस्टवालीची. काय मालिका! ती बाई पत्रं घेऊन पोहत जाते, पत्रं भिजतात, मग ती ज्याला त्याला पत्र तोंडी सांगते... बाबांनी एका बैठकीत पहिला अंक संपवला. वर बघितलं. "चालू आहे ना पण?" हो बाबा, चालू! आणि तुम्हाला सांगते, पुढच्या महिन्यात हा माणूस खुर्चीतून उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वतःच्या पायांनी तळघरात जाऊन स्वतःच्या पिशवीतून स्वतःचा अंक घेऊन आला! मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून रडले. पदर कसला, हात पुसायचं फडकं होतं, त्यालाच धरलं. दादाला फोन केला, तो म्हणतो, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हो रे दादा, तूच म्हटलं होतंस.

आणि तिसऱ्या अंकाच्या मागच्या पानावर निवेदन. चित्रकाराच्या मनगटाला विश्रांतीची गरज आहे, मालिका अनिश्चित काळासाठी थांबवत आहोत, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

झालं! त्या दिवसापासून मी दवाखान्यातून घरी आले, चप्पलसुद्धा काढलेली नाही, की खुर्चीतून आवाज, "मनगट कसं आहे?" अहो, मला काय माहीत! दाताच्या दवाखान्यात असते मी! "विचार ना तुमच्या डॉक्टरला." दाताच्या डॉक्टरला मनगटाचं विचारू? विचारलं हो शेवटी. ते म्हणाले, शेक द्या.

दुसरी सुचवली, प्रकाशकानेच दुकान गुंडाळलं. तिसरी सुचवली, तिचा लेखक सिनेमात गेला. चौथी तर काय विचारू नका! मस्त एकतीस अंक झालेले, मी मागचे सगळे आणून दिले, यांनी वाचून काढले, बत्तिसावा आणायला बाबा गेले, आणि घरी आले ते तणतणत. अंकावर काय छापलंय? अंक पहिला! नवे वाचक मिळावेत म्हणून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केलीय म्हणे. बाबा माझ्यासमोर अंक नाचवतायत, "एकतीस मजले चढून परत तळमजला? ही कुठली लिफ्ट? आणि मधे सांगतात, हे कळण्यासाठी आमच्या इतर चार मालिकाही वाचा! म्हणजे या लिफ्टमधून उतरून शेजारच्या चार इमारती चढून येऊ?" मी म्हटलं, बाबा, कॉमिक्समध्ये असंच असतं. तर म्हणाले, "मग बंदची पाटी लावा ना! आम्ही लावायचो. माणूस ताटकळत तर राहत नाही." आणि बसले खुर्चीत. शर्टाची इस्त्री मोडेपर्यंत बसले.

शेवटी शोकसभाच म्हणाला, "ताई, वडिलांना जस्तवीर द्या."

जस्तवीर! माझ्या अंगावर काटाच आला. तुम्हाला माहीत नसेल तर सुखी आहात. जस्ताचा माणूस, मुठी आपटतो, दर पानावर काहीतरी फुटतं, बाबांच्या लहानपणापासून चालू आहे आणि तेव्हापासून वाईटच आहे! म्हटलं, "अहो, काहीतरी चांगलं सुचवा." तर हा डोळे मिटून म्हणतो, "चांगल्या बंद पडतात ताई. ही कधी बंद पडणार नाही." घ्या!

नेली घरी. "चालू आहे ना पण?" चालू बाबा, तुमच्या लहानपणापासून चालू, माझ्यानंतरही चालू राहील! आणि खरंच, महिन्यामागून महिने अंक येत राहिला. बाबा दाढी करत राहिले, तळघरात जात राहिले. जेवताना मला सांगू लागले, जस्तवीराने कोणाला हाणलं, पूल कसा पाडला. मी, जिने जन्मभर या भिकार मालिकेला नाकं मुरडली, ती मी पोळी तोडत विचारत होते, "मग पुढे काय झालं हो?" भोगा कर्माची फळं!

आणि मग एका रविवारी मी आतून पाणी घेऊन येते तर बाबा रडतायत.

अहो, रडतायत! हुंदके देऊन! अंक मांडीवर, चष्मा हातात, खांदे गदगदा हलतायत. बघते तर काय, अंकात जस्तवीराची बायको मेली होती. तो बाहेरून येतो, ती झोपलेली, तो हाक मारतो... चार पानं नुसती शांत, एकही शब्द नाही. आई गेल्यापासून जो बांध फुटला नव्हता तो त्या जस्ताच्या माणसाच्या बायकोसाठी फुटला!

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? पाण्याचा पेला खाली ठेवला असता, शेजारी बसली असती, रडू दिलं असतं. पण मी? मी कॉमिक्सवाली ना! माझ्या तोंडून पटकन गेलं, "अहो बाबा, काय हे! येते ती परत! कॉमिक्समध्ये कोणी कायमचं मरत नाही. पाच-सहा अंकांत येईल बघा!"

रडणं थांबलं. नळ बंद केल्यासारखं थांबलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, माझ्याकडे बघितलं. आणि अगदी हळू विचारलं...

"कितव्या अंकात?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दादाला फोनवर सांगितलं तर तो ओरडला, "अगं, इतक्या दिवसांनी रडत होते ना ते! तुला तोंड आवरता येत नाही?" आणि आयुष्यात पहिल्यांदा दादाचं बरोबर होतं, हे आणखी वाईट.

त्यानंतरचे महिने कसे काढले ते माझं मला माहीत. बाबा दर महिन्याला तळघरात जायचे, दुकानातच उभ्या उभ्या पानं उलटायचे, आणि घरी येऊन मान हलवायचे. नाही आली. नाही आली. मी मनात म्हणत होते, येऊ नकोस गं बाई. मग म्हणत होते, ये एकदाची!

आली. सहाव्या अंकात. तिसऱ्याच पानावर, केस नीट, साडेतीन ओळींचा खुलासा, कुठल्याशा यंत्रात जपून ठेवली होती म्हणे. नवऱ्याने मिठी मारली आणि पुढच्या पानावर दोघं मिळून पूल पाडायला गेले. बाबांनी तो अंक शेवटपर्यंत वाचला. मिटला. मी समोर उभी.

"बरं झालं त्याचं," बाबा म्हणाले.

मग अंक माझ्या हातात दिला. म्हणाले, "ही आता नको आणू. यांच्यात मेलेली परत येतात. आपल्याला उगाच वाट बघायची सवय लागते." आणि मग, अगदी सहज, पेपर मागावा तसं, "मला अशी एखादी सुचव, जिच्यात मेलेलं माणूस मेलेलंच राहतं. आणि तरी पुढचा अंक येतो."

आता सांगा! काय मोठं मागितलं हो त्या माणसाने? मी धावत तळघरात. शोकसभाला सांगितलं, अशी अशी पाहिजे. त्याने फळ्यांकडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं. "होती ताई एक. अगदी तशीच होती. फार सुंदर."

"मग द्या ना!"

"बंद पडली."

घरी आले. बाबा दाराकडे डोळे लावून बसलेले. माझ्याच्याने नाही सांगवलं हो! म्हटलं, "मिळाली बाबा. मागवलीय. पुढच्या महिन्यात पहिला अंक." तर माणूस लगेच उठला आणि शर्ट इस्त्रीला काढून ठेवला.

तेव्हा मंडळी, बाकी सगळं राहू द्या... तुमच्यात कोणाला चित्रं काढता येतात का?