कोळशाचा गोल

(केळापूर तालुक्यातलं एक गाव. आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अकरा दिवसांवर. बाबाराव कुंभाराच्या छपरीत तो, त्याची बायको लीलाबाई आणि पांढरकवड्याच्या फर्निचरच्या दुकानात काम करणारा डोमाजी.)

डोमाजी : वाकडी? माह्या हातची चकती वाकडी? पंचवीस वर्सं झाले रंधा मारून राह्यलो, आजवर कोनी तोंडावर असं म्हटलं नाही.

बाबाराव : मी म्हणतो ना. प्लायची आणली, ते डुलते. सागाची वाळल्यावर वाकली असंन, तेही डुलते. अन् हे सिमेंटच्या शीटची, हेही तशीच.

डोमाजी : अरे, बाथरूमच्या दाराची प्लाय होती ते. रांजणात बुडवून ठेव, तरी फुगणार नाही. सागाले मी आठ दिवस तेल पाजलं. नाचता येईना त आंगन वाकडं, दुसरं काय.

लीलाबाई : भाऊजी, तसं नका बोलू. उन्हातून आले, पानी घ्या. चहा ठेवते.

डोमाजी : मजाक केली, वहिनी. पन मले हे सांगा, कुंभाराच्या चाकावर चकती कायले? याच्या बापानं कधी लावली?

बाबाराव : बाप दोऱ्यानं कापे अन् वल्लं गाडगं दोन्ही हातानं उचलून ठेवे. मी उचललं का ते दबते. ट्रेनिंगमंधी हे लाइटीवरचं चाक भेटलं, तिथल्या सरनं दाखवलं, चाकावर चिखलानं चकती चिकटवाची, तिच्यावरच घागर घडवाची, अन् चकतीसकट उचलून सावलीत ठेवाची. घागरीले हात लावाचं कामच नाही.

डोमाजी : अन् उचललं का दबते काहून?

लीलाबाई : बोंडअळीच्या साली फवाराले मानूस भेटत नव्हता. इकडं गाडगे कोनी घेत नव्हतं, म्हून हे गेलते पऱ्हाटी फवाराले. तिसऱ्या दिवशी फवाऱ्याचं औषध आंगात भिनलं, वावराच्या धुऱ्यावर पडले. यवतमाळले भरती केलं, वाचले. हाताची थरथर तेवढी राह्यली.

बाबाराव : थरथर नाही. मुंग्या येतात. कमी होऊन राह्यल्या आता.

डोमाजी : पडला हे ऐकलं होतं. हाताचं मले माहीत नव्हतं, बावा.

बाबाराव : हाताचं सोड. आखजीले घरोघरी पितराची घागर लागते. परसाली लोकायनं बाहीरून आणल्या. आम्ही जुन्यातली एक उरली होती, ते पूजली. औंदा साऱ्या गावाले सांगतलं, माह्या हातची देतो म्हून. चकती सरळ भेटली का रोजच्या दहा निघतीन.

लीलाबाई : अन् औंदा नाही भेटली घागर, त लोकं पुन्हा आपल्या दारात नाही येत.

डोमाजी : बरं. डुलते, हे कशावरून ठरवलं तू?

बाबाराव : कोळशावरून. चाक चालू कराचं अन् चकतीवर कोळशाचं टोक हलकंच धराचं. सपाट असली त पुरा गोल उमटते. वाकडी असली त तुटते. पाह्य... पाह्यलं? इथं आहे, इथं नाही, इथं पुन्हा आहे. बोल आता.

डोमाजी : दे तो कोळसा इकडं.

लीलाबाई : भाऊजी, राहू द्या. चहा झाला.

डोमाजी : एक मिनिट, वहिनी. माह्या कामाच्या इज्जतीचा सवाल आहे. कर चालू... बस. बंद कर.

बाबाराव : काय?

डोमाजी : पुरा गोल आहे.

बाबाराव : सिमेंटची असंन चांगली. लीले, सागाची आण.

लीलाबाई : कायले आता?

बाबाराव : आण म्हटलं ना.

डोमाजी : हे पाह्य. हाही पुरा.

बाबाराव : प्लायची घे.

डोमाजी : बाबाराव, जाऊ दे.

बाबाराव : चाक चालू आहे. धर तू कोळसा.

डोमाजी : ...पुरा आहे.

बाबाराव : लीले, तुले माहीत होतं?

लीलाबाई : पहिल्याच चकतीपासून. तुमी नदीवर गेलते, तवा मी कोळसा धरून पाह्यला. बाईनं चाकाले हात लावू नये म्हंतात. मी लावला.

बाबाराव : मंग तीन तीन चकत्या काहून करू देल्या याले?

लीलाबाई : चकती पाहाची म्हून तुमी सकाळी उठत होते. त्याच्या आधी चार चार दिवस भिताडाकडं तोंड करून पडून राहत. मले भेव वाटे तुमचं.

डोमाजी : वाकडीच आहे म्हटलं असतं, त माह्यं काय जात होतं? ते आंगनाचं बोललो, तेही चुकलं, भाऊ.

बाबाराव : तुह्यं काय चुकलं? चकतीत खोट नाही. उलटं मीच तुह्या कामाले बोललो, मनात ठेवू नको.

डोमाजी : पुढच्या आठवड्यात येतो मी. काही तरी पाहू.

बाबाराव : येजो. असाच बसाले येजो.

लीलाबाई : चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.

बाबाराव : चकत्या धुऊन ठेव, लीले. कोळसा घासून काढ. माठावर झाकण म्हून होतीन.

लीलाबाई : तीन आहेत. घरात माठ एकच उरला.

बाबाराव : आखजीले बापाच्या नावाची एक घागर इकत आणावी लागन. एक तिच्यावर ठेवजो.