जाईबाईंच्या खोलीतली तेरा मुले

आदरणीय अध्यक्ष कुशाबा, वेळात वेळ काढून आलेले सेवा क्लबाचे चिटणीस हेरंबराव, सत्कारमूर्ती जाईबाई आणि परळच्या या चाळीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

जाईबाई उद्या गावी निघाल्या. अकरा वर्षे त्यांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत गिरणीत जाणाऱ्या बायांची मुले सांभाळली. आज ती तेरा आहेत. आता त्यांची नजर गेली. गेल्या महिन्यात धाकटा भिवा जिन्यावरून पडला, हात मोडला. जाईबाई म्हणाल्या, "मला पायरी दिसंना, तितं पोर काय दिसणार? आता माज्या भरवशावर नको." म्हणून हा निरोप. शाल आहे, नारळ आहे, टाळ्याही होतील. पण सोमवारी सातच्या पाळीला तेरा आया कामावर जातील, तेव्हा मुले कुठे जातील? हे निमंत्रणपत्रिकेत छापलेले नाही.

हे संकट आज उगवले का? नाही. दोन वर्षांपूर्वीच आपण हेरंबरावांच्या क्लबाकडे पाळणाघरासाठी अर्ज केला. आमच्या समितीतल्या माधवरावांनी तो उत्तम इंग्रजीत लिहिला. पाळणे, दूध, एका बाईचा पगार, एवढीच मागणी. उत्तर आले: पाहणीसाठी येतो.

आणि येथे आपण आपले शहाणपण दाखवले. पाहुणे येणार म्हणून चाळ धुतली. सगळ्या आयांनी त्या दिवशी खाडा केला, ठेवणीतली लुगडी नेसल्या, मुलांना न्हाऊमाखू घालून काजळ लावले आणि मांडीवर घेऊन ओळीने बसल्या. ही सूचना कोणाची? माझी. पाहुण्यांसमोर आपली मुले उघडी, रडकी दिसू नयेत, असा माझा बाणा.

क्लबाच्या एका सभासदाने विचारले, "मुलं कुठे असतात?" जाईबाईंनी अभिमानाने दाखवले, "ही काय, आयांच्या मांडीवर."

महिन्याने पत्र आले. मुले स्वच्छ असून मातांच्या निगराणीत आहेत. पाळणाघराची निकड दिसत नाही.

हेरंबराव, आपण आमचे पाहुणे आहात, आपला अवमान करण्याचा हेतू नाही. पण त्या दिवशी आपण सरबत घेतलेत, मुलांचे गाल कुरवाळलेत. दुसऱ्या दिवशी, साध्या कामाच्या दिवशी, पुन्हा यावे असे एकाच्याही मनात का आले नाही? गरिबाने मदत मागताना मळकेच दिसले पाहिजे, हा नियम आपल्या छापील नियमावलीत कितव्या कलमात आहे?

पत्र वाचून दाखवले, तेव्हा जाईबाई मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोलाय लागला की भोंगाबी ऐकू येत न्हाई. पर त्या दिशी चार पोरं माज्या खोलीत रडत ठिवली असती, तर बरं झालं असतं."

आणि केवळ क्लबाला बोल लावून मी खाली बसलो, तर तो अप्रामाणिकपणा होईल. तळमजल्यावर आपल्या समितीचे कार्यालय आहे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळवण्याच्या सभा आपण तेथे घेतो. मुंबई मागायला निघालेल्या आपल्याला एक खोली सोडता आली नाही. दोन वर्षे आपण दुसऱ्याच्या दारी जागा मागितली आणि आपल्या जागेत वर्तमानपत्रे पसरून वाद घातले.

अध्यक्षांच्या संमतीने सांगतो, सोमवारपासून ती खोली मुलांची. सभा रस्त्यावर होतील. बाई मिळेपर्यंत रोज दोन कार्यकर्ते पाळीने बसतील. सुरुवात भाषणे करणाऱ्यांपासून. पहिल्या दिवशी मी आणि माधवराव.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, मी ऋणी आहे. माझ्या शब्दांनी कोणी दुखावले असेल, तर त्याने मला खुशाल जाब विचारावा. माफी मला एकाच व्यक्तीची मागायची आहे. जाईबाई, उद्या गाडीत बसण्यापूर्वी मला एवढे सांगून जा, तेरा मुले एकदम रडू लागली, की आधी कोणाला उचलायचे?